खिडकीकडे सरकलेला आवाज

मोजणीदारांचा फोन तिसऱ्यांदा आला, तेव्हा दुकानाच्या शेठनी फोनवर तळवा ठेवून नुसत्या भुवया वर केल्या. मांडणीबाई काय ते समजल्या.

"अजून खिडकीकडेच?"

"अजून खिडकीकडेच," शेठ म्हणाले. "पडदा लावला तरी हलायला तयार नाही म्हणतात. ताई, जाऊन या एकदा. जुनं गिऱ्हाईक आहे, तोडून बोलवत नाही."

बाईंनी डाव्या गुडघ्यावर हात दाबून स्वतःला खुर्चीतून उठवलं आणि पिशवी खांद्याला अडकवली. पिशवीत नेहमीचा ऐवज होता. मोजायची टेप, सुतळीचा गुंडा, खडू, हातात मावेल एवढा आरसा आणि चौघडी घातलेलं जुनं ब्लँकेट. जड स्पीकर उचलायचे नसतात, ब्लँकेटवर चढवून फरशीवरून सरकवायचे असतात. ही अक्कल त्यांना पाठीने शिकवली होती.

मांडणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं त्यांनी स्पीकरच्या कारखान्यात काढली होती. आधी बॉक्स खात्यात लाकडाच्या फळ्या चिकटवून शिकंज्यात आवळायचं काम, आणि नंतर कान चांगला म्हणून तपासणीच्या टेबलावर. कारखाना बंद पडला तेव्हा या दुकानाने त्यांना ठेवून घेतलं, ते एका वेगळ्याच कामासाठी. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं आणि दोन स्पीकर असे मांडून द्यायचे, की समोर बसलेल्याने डोळे मिटले की गाणारी बाई त्या दोन खोक्यांतून न येता त्यांच्या मधोमध उभी राहिलेली वाटावी. जिथे नुसती भिंत आहे तिथे माणूस उभा करायचा, असा तो धंदा. शेठ गमतीने 'आमच्या मांडणीबाई' म्हणू लागले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता त्यांना छप्पन्न संपून सत्तावन्नावं लागलं होतं. माणसं उभी करता करता त्यांना स्वतःला उभं राहणं जड जाऊ लागलं होतं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाईंनी डोळे मिटले आणि मोजणीदारांच्या घरच्या पहिल्या दोन खेपा मनातल्या मनात उलगडून पाहिल्या.

मोजणीदार म्हणजे जमिनीची मोजणी करून निवृत्त झालेले गृहस्थ. वय सहासष्ट, अंगाने काडी, आणि खिशात स्वतःची टेप. लग्न केलेलं नाही. थोरली बहीण, आक्का, वीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागे त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हापासून दोघं एकत्र. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. आक्काला जिने चढवेनात, म्हणून भावाने तळमजल्यावरचं हे घर घेतलं आणि तीस वर्षांचा संसार खाली उतरवला. त्या संसारात ही स्पीकरची जोडी होती. बाईंच्याच कारखान्याची. कोण जाणे, त्यातल्या एखाद्या फळीवर त्यांच्याच हाताचा डिंक असेल.

पहिल्या खेपेला, घर बदलून अकरा दिवस झाले होते. "जुन्या घरात मधोमध उभी असायची हो," मोजणीदार म्हणाले होते, "इथे खिडकीकडे सरकली आहे. शिवाय एक बारीक घरघर येते. सारखी." बाईंनी पाहिलं तर सामान वाहणाऱ्यांनी डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवलेला. त्या बनावटीत वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बॉक्सच्या मध्यावर नसून एका अंगाला बसवलेला असतो, आणि दोन बॉक्स एकमेकांचं आरशातलं रूप असतात. मुद्दाम तसं केलेलं. ट्वीटर दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर असला, तर कडांवर आपटलेला आवाज एकदमच कानात शिरतो आणि गाणारीचा चेहरा पुसट होतो. हे बाईंना कारखान्यातल्या जुन्या कारागिराने शिकवलं होतं. त्यांनी जोडी अदलाबदल करून दिली, ट्वीटर आतल्या अंगाला आणले. घरघरीसाठी स्पीकरला कान लावला. काहीच नव्हतं. दिवसातलं ते तिसरं घर होतं, गुडघा ठणकत होता. "फ्रिज असेल," असं म्हणून त्या निघाल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला त्यांनी खोलीच धारेवर धरली. खोली तशी वाकड्या स्वभावाची होती. खुर्चीत बसलं की उजव्या हाताला अख्खी काचेची खिडकी, आणि डाव्या हाताला भिंतच नाही, स्वयंपाकघराकडे जाणारा मोकळा बोळ. एका बाजूने आवाज काचेवर आपटून परत येतो, दुसऱ्या बाजूने बोळातून निघून जातो. मग गाणारी खिडकीकडे सरकणार नाही तर काय! बाईंनी मोजणीदारांना खुर्चीत बसवलं आणि काचेवरून आरसा फिरवत गेल्या. जिथे त्यांना आरशात स्पीकर दिसला, नेमक्या तिथे जाड पडदा लावायला सांगितला. डाव्या बाजूला, बोळाच्या तोंडाशी, पुस्तकांचं कपाट सरकवलं. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन हात पुढे ओढले. आक्का दारात उभी राहून बघत होती. "एवढं सामान तर आम्ही घर बदलतानाही हलवलं नव्हतं," ती म्हणाली. चेष्टेत म्हणाली, पण हसली नाही.

आणि सगळं झाल्यावर बाई स्वतः खुर्चीत बसल्या, तर काय सांगावं! गाणारी अगदी मधोमध, दोन पावलं मागे, आणि तिच्या उजव्या अंगाला सारंगी. असं चित्र महिन्यातून एखाद्या घरातच जमायचं. बाई समाधानाने उठल्या, मोजणीदार बसले, त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "खिडकीकडेच आहे."

बाईंना तेव्हा राग आला होता. असली गिऱ्हाइकं त्यांनी पाहिलेली होती. त्यांना आवाज नको असतो, तक्रार हवी असते. 'थोडे दिवस ऐका, कानाला सवय होईल,' असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली होती.

आज बस थांब्यावर थांबली तेव्हा त्यांना खरं म्हणजे उतरायचंच नव्हतं.

दार आक्काने उघडलं. तिने बाईंना आत घेतलं आणि बोळातच हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला एक विचारू? हे घर वाईट आहे का हो?"

"नाही हो. घराला काय झालंय?"

"मग तो असा का झालाय? मी हाक मारली तर ओ देत नाही. स्वयंपाकघरातून चार चार वेळा हाका मारते, हा ढिम्म. तिकडे असताना असा नव्हता. माझ्या पायांपायी त्याला ते घर सोडावं लागलं, म्हणून अबोला धरलाय असं वाटतं मला."

लोकांच्या घरची धुणी धुवायला आपण येत नाही, असं बाईंनी मनाशी म्हटलं आणि त्या खोलीत गेल्या.

मोजणीदार टेप घेऊन गुडघ्यावर बसले होते. "डावा स्पीकर खुर्चीपासून आठ फूट दोन इंच," ते वळून न बघता म्हणाले, "उजवा आठ फूट अडीच इंच. हा अर्धा इंच तुमच्याकडून राहिला होता. मी सकाळी काढून टाकला. फरक शून्य."

"अर्ध्या इंचाने बाई खिडकीत जात नाही, साहेब."

"ते मलाही कळतं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

बाईंनी गाणं लावलं. खुर्चीत बसल्या. मधोमध. किंचितही हललेली नाही. आता स्पीकरची तोंडं आणखी थोडी आत वळवून बघावी, असा विचार करून त्या ब्लँकेट पसरत होत्या, इतक्यात मोजणीदारांचा फोन वाजला. त्यांनी तो उजव्या कानाला लावला. पलीकडचा कुठलातरी नंबर सांगत होता. ते डाव्या हातात पेन धरून कागदावर गिरबटायला लागले, ते जमेना, पेन पडलं, आणि ते वैतागून ओरडले, "आक्का, जरा लिहून घे गं!"

आक्का धावत आली, नंबर लिहिला, आणि जाता जाता पुटपुटली, "जन्मभर डाव्या कानाला फोन लावून उजव्या हाताने लिहीत आलास, आता हे काय नवीन खूळ?"

"डाव्या बाजूला नीट येत नाही. या घरात फोनसुद्धा धड लागत नाही," मोजणीदार म्हणाले.

बाई ब्लँकेटचं टोक हातात धरून तशाच बसून राहिल्या. फोन तर कानाला चिकटलेला असतो. कानात आणि फोनमध्ये कसलं घर आणि कसली खिडकी?

त्या उठल्या. त्यांनी अँप्लिफायरच्या मागे हात घालून डाव्या-उजव्या वायरी बदलल्या. गाणं पुन्हा लावलं. आता सारंगी डावीकडे गेली होती. "बसा साहेब. बाई कुठे आहे?"

"खिडकीकडे."

म्हणजे यंत्रात दोष नाही. यंत्रात असता तर गाणारी दुसरीकडे पळाली असती. बाईंनी वायरी जागच्या जागी लावल्या आणि म्हणाल्या, "आता एक करायचंय. खुर्ची उलटी फिरवते. स्पीकरकडे पाठ करून बसा."

"पाठ करून? हा काय प्रकार?"

"बसा तर खरं."

मोजणीदार कुरकुरत बसले. आता खिडकी त्यांच्या डाव्या हाताला आली होती आणि बोळ उजव्या. गाणं सुरू झालं. त्यांनी डोळे मिटले. मग भुवया आवळल्या, मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली.

"कुठे आहे?"

"बोळाकडे," ते आश्चर्याने म्हणाले. "बोळाकडे गेली! काय केलंत?"

बाईंनी काहीच केलं नव्हतं. स्पीकर होते तिथेच, काच होती तिथेच. फिरला होता फक्त माणूस, आणि गाणारी त्याच्या उजव्या कानाबरोबर फिरली होती.

त्या समोर स्टूल ओढून बसल्या. अशी गोष्ट कशी सांगतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. "साहेब," त्या म्हणाल्या, "खोलीत दोष होता, तो आपण काढला. जोडी उलटी होती, ती सुलटी केली. आता जे राहिलंय ते खोलीत नाही. तुमच्या डाव्या कानाला कमी येतंय. तुम्ही कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आजच दाखवा."

मोजणीदारांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"तीन खेपा झाल्या," ते एकेक शब्द मोजून म्हणाले. "तीन खेपा तुम्ही माझं घर उलथंपालथं केलंत. आणि आज सांगता, कान बिघडलाय? नाचता येईना अंगण वाकडं, असं ऐकलं होतं. मांडता येईना, कान वाकडा, हे आज ऐकलं!"

"राग मानू नका. ती घरघर तुम्हाला अजून येते?"

"येते!"

"मला येत नाही. आक्कांना येते का विचारा."

दारात आक्का उभी होती. तिने मान हलवली. नाही.

"बाई, तुम्ही आता या," मोजणीदार म्हणाले, आणि स्वतः जाऊन दार उघडं धरून उभे राहिले. माणूस रागातही रीतीचा पक्का होता.

घरी आल्यावर बाईंनी पिशवी खुंटीला न लावता तशीच जमिनीवर टाकली. त्यांचे यजमान, एका गोदामाचे निवृत्त पहारेकरी, चहा टाकत होते. बाई दमून आल्या की चहा ते करत, आणि हल्ली रोजच करत.

"आज किती इंच?" त्यांनी नेहमीच्या थट्टेने विचारलं.

"आज एक कान," बाई म्हणाल्या, आणि सगळी हकीकत सांगितली.

यजमानांनी कप पुढे सरकवला. "मग चांगलं केलंस की. सांगून टाकलंस."

"आज सांगितलं. पण पहिल्या दिवशीच घरघर येते म्हणाले होते हो. मी काय सांगितलं? फ्रिज. कारण मला बस पकडायची होती."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"डॉक्टर नाही. पण कान हाच माझा धंदा आहे ना? दुसऱ्या खेपेला मला मधोमध ऐकू येत होतं आणि त्यांना येत नव्हतं. खोली एकच, खुर्ची एकच. मग वेगळं काय होतं? एवढासा हिशेब मला सुटला नाही. सुटला नाही असं नाही, मी घातलाच नाही. मला वाटलं, माणूस किरकिऱ्या आहे."

यजमानांनी वाकून ती पिशवी उचलली आणि खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मोजणीदारांची तक्रार आधीच पोचलेली होती. शेठनी ती बाईंना वाचून न दाखवता सारांशच सांगितला. "ताई, गिऱ्हाइकाला बहिरं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही," ते थकल्या आवाजात म्हणाले.

"मी बहिरं म्हटलं नाही. डॉक्टरांकडे जा म्हटलं."

"तेच ते."

"तेच ते नाही, शेठ," बाई म्हणाल्या, पण पुढे वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्या मागच्या खोलीत जाऊन नव्या आलेल्या बॉक्सच्या कडा पुसत बसल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी फोन आला, तो आक्काचा. शेठनी फोन बाईंच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर गेले.

"मी परीक्षा घेतली," आक्का म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "काल तो पेपर वाचत होता. मी मागून जाऊन लहानसं गजराचं घड्याळ त्याच्या डाव्या कानाशी धरलं. टिकटिक मला हातभर लांबून ऐकू येत होती. त्याने पान उलटलं. मग उजव्या कानाशी धरलं, तर दचकून म्हणाला, 'हे काय चाललंय?' मी म्हटलं, हेच तर मी तुला विचारतेय."

"मग?"

"मग काय! स्वतःच घड्याळ घेऊन दहा वेळा इकडून तिकडे धरलं. टेप काढली, किती इंचावरून ऐकू येतं ते कागदावर लिहिलं. उजवीकडे बावीस इंच, डावीकडे शून्य. मोजून झाल्यावर मानलं. आज डॉक्टरांकडे जाऊन आलो."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"कधीपासून आहे विचारलं. तेव्हा कुठे याने तोंड उघडलं. घर बदलल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी उठला, तर कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. याला वाटलं, सामान बांधताना धूळ गेली असेल. मला बोलला नाही, तुम्हाला बोलला नाही. डॉक्टर म्हणाले, कानाची नस अचानक मंदावते, असं होतं कधी कधी. पहिल्या पंधरवड्यात आला असतात तर बरीच आशा होती. आता औषध देऊन बघू, पण हमी नाही."

बाईंनी मनात दिवस मोजले. तिसरा दिवस. त्यांची पहिली खेप अकराव्या दिवशी. मध्ये आठ दिवस. फोनची वायर त्यांच्या बोटांभोवती गुंडाळली गेली होती, ती त्या सोडवत राहिल्या.

"ऐकताय ना?" आक्का म्हणाली.

"ऐकतेय."

"एक सांगते, कोणाला बोलू नका. डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला आधी हायसं वाटलं. वाटलं, म्हणजे हा माझ्यावर रुसलेला नव्हता. आणि मग माझीच मला लाज वाटली." तिने फोन ठेवून दिला.

पुढचा दीड महिना मोजणीदारांच्या औषधात गेला. गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली, डोक्याचं यंत्रातून चित्र काढून झालं. त्यात वावगं काही निघालं नाही, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. आक्का अधूनमधून दुकानात फोन करून सांगायची. थोडं परत आलं. जाड आवाज येऊ लागले, दार आपटलं तर कळू लागलं. बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच, आणि घरघर राहिली. बाई ऐकून घ्यायच्या आणि दिवसाच्या कामाला लागायच्या. या काळात त्यांनी नऊ घरं मांडली. एकातही जीव रमला नाही.

मग एके दिवशी मोजणीदारांनी स्वतः फोन केला. शेठना म्हणाले, "बाईंना पाठवा. गेल्या वेळी काम अर्धवट टाकून त्यांना जावं लागलं. चूक माझी होती."

बाई गेल्या. मोजणीदार आणखी वाळले होते, पण दाढी नीट केलेली होती. माफीबिफी त्यांनी मागितली नाही. "या" म्हणाले आणि बसायला खुर्ची दिली, तीच, मधली.

बाईंनी वाटेत विचार करून ठेवला होता. "साहेब, एक उपाय आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून एकाच स्पीकरला देता येतो. तो तुमच्या उजव्या हाताला ठेवू. गाण्यातलं काही सुटणार नाही. बाई मध्ये आहे की कडेला, ही भानगडच राहणार नाही."

मोजणीदारांनी मान वाकडी करून ऐकून घेतलं. "दुसऱ्याचं काय करायचं?"

"झाकून ठेवायचा."

"नको," ते म्हणाले. "जोडी मोडायची नाही. मला सारखं वाटतंय, खोली बरोबर झाली होती की नाही ते अजून ठरलेलं नाही. तुम्ही म्हणता झाली. पण एका माणसाची मोजणी म्हणजे मोजणी नव्हे. दुसऱ्याने पडताळून बघायला हवी. मी आता त्या कामाचा राहिलो नाही." आणि त्यांनी हाक मारली, "आक्का! इकडे ये. इथे बस."

"मी?" आक्का हात पुसत आली. "मला काय कळतंय त्यातलं? वीस वर्षं मी स्वयंपाकघरातूनच ऐकत आलेय."

"म्हणूनच. तुझा कान कोरा आहे. बस."

आक्का संकोचून खुर्चीच्या टोकावर बसली. बाईंनी तिला मागे टेकायला लावलं. ती भावापेक्षा बुटकी होती, तिचे कान ट्वीटरच्या खाली येत होते, म्हणून खाली एक उशी दिली. स्पीकरची तोंडं खडूच्या खुणेवरून बोटभर आत वळवली. मग गाणं लावलं.

"डोळे मीट," मोजणीदार म्हणाले.

आक्काने डोळे मिटले. पहिली ओळ झाली, सारंगीचा तुकडा आला, दुसरी ओळ सुरू झाली. आक्काचं तोंड थोडं उघडलं गेलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "ही तर इथे आहे."

"इथे म्हणजे कुठे? बोट दाखव. डोळे उघडू नकोस."

आक्काने हात सरळ समोर केला आणि बोट रोखलं, भिंतीच्या उघड्या भागाकडे, जिथे काहीही नव्हतं. मोजणीदार टेप घेऊन उठले. त्यांनी बोटाच्या रेषेत भिंतीवर खडूची खूण केली, डाव्या स्पीकरपासून खुणेपर्यंत मोजलं, उजव्यापासून मोजलं, पुन्हा डाव्यापासून मोजलं. बाई टेपचं दुसरं टोक धरून होत्या. गाणं चालू होतं.

"अर्ध्या इंचाचा फरक," शेवटी मोजणीदार म्हणाले.

"माझं बोट थरथरतंय रे," आक्का डोळे मिटूनच म्हणाली.

"मग बरोबर आहे." त्यांनी टेप गुंडाळली. "खोली बरोबर आहे." आणि ते जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले, उजवा कान गाण्याकडे करून. आक्काला त्यांनी उठवलं नाही. ती रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत बसून राहिली. एकदा तिने गालावरून पदर फिरवला, पण डोळे उघडले नाहीत. बाईंनी आवाज न करता ब्लँकेटची घडी घातली.

निघताना मोजणीदार बाईंना फाटकापर्यंत सोडायला आले. बाई त्यांच्या डाव्या बाजूने चालत होत्या. दोन पावलं गेल्यावर ते थांबले, मागून वळसा घालून बाईंच्या डाव्या हाताला आले आणि मग चालू लागले. उजवा कान आता बाईंकडे होता.

फाटकाशी बाई थांबल्या. दीड महिना पोटात ठेवलेलं बाहेर आलं. "साहेब, पहिल्या दिवशी तुम्ही घरघर म्हणालात, तेव्हा मी फ्रिज म्हटलं. तेव्हाच नीट विचारायला हवं होतं. तेव्हा आठच दिवस झाले होते."

'जाऊ द्या हो, तुमचा काय दोष,' असं ते म्हणतील, अशी बाईंची थोडीशी आशा होती. पण खोटं माप लिहून द्यायची त्या माणसाला सवय नव्हती.

"हो," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं. आणि मीही सांगायला हवं होतं. कापूस कोंबल्यासारखं झालंय, हे मी बहिणीला सांगितलं नाही, आणि तुम्हाला मात्र फोनवर फोन केले. कान जाण्यापेक्षा खोली वाईट असणं परवडतं हो माणसाला."

बाईंनी मान हलवली. वाटलं होतं तेवढं हलकं वाटलं नाही, पण निदान पोटातलं पोटात राहिलं नाही.

"आक्का पुढच्या आठवड्यात तो पडदा धुवायला काढणार म्हणते," मोजणीदार म्हणाले. "मग परत मोजायला याल?"

"धुतला की परत लावायला सांगा म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. "त्यासाठी मला नका बोलावू. माझा गुडघा गेलाय."

"कुठला? डावा?"

"डावाच."

"दाखवलात का कुणाला?"

बाईंनी फाटक ओढून घेतलं, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागल्या.